खंगलेले गायरान पुन्हा कसे उभारावे?

मृगाची पहिली मोठी सर पडून गेली की आठ-दहा दिवसांत माळावर पोपटी झाक दिसू लागते. उन्हाळाभर कडब्याच्या मोजक्या पेंढ्यांवर दिवस काढलेली जनावरे दाव्याला हिसके देऊ लागतात. गुराखी ती सोडतो आणि सारा कळप गायरानात शिरतो. हे दृश्य पाहून शेतकऱ्याला समाधान वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु गायरान उन्हाळ्याच्या तापाने क्वचितच मरते. ते मरते बहुधा याच पंधरा-वीस दिवसांत, पाऊस पडत असताना आणि आपल्या डोळ्यांदेखत.

हे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून त्यामागील कारण प्रथम पाहू. मारवेल, पवना यांसारखी आपल्या माळावरील उत्तम गवते बहुवर्षायु आहेत. त्यांचा वरचा भाग हिवाळ्यात वाळतो, पण बुंधा व मुळे जिवंत राहतात. भाद्रपद-आश्विनात हिरव्या पानांनी तयार केलेल्या अन्नाचा काही भाग या बुंध्यात व मुळांत साठविलेला असतो. पुढील मृगात फुटणारा कोंब या साठ्यावर फुटतो, त्याने स्वतः अद्याप काहीच मिळविलेले नसते. चार-पाच पाती पसरून ती पुरेसे अन्न करू लागेपर्यंत ठोंब आपल्या शिल्लकेवर जगत असतो. अशा वेळी कोंब खुडला गेला तर ठोंब उरलेल्या साठ्यातून दुसरा कोंब काढतो, तोही खुडला गेला तर तिसरा. ज्या शेतकऱ्याने घरातील बियाणे दुबार-तिबार पेरणीत घालविले आहे, त्याला या ठोंबाची स्थिती अधिक समजावून सांगावी लागणार नाही.

वर जितके खुडले जाते तितकी खाली मुळेही आखडतात. मूळ आखूड झालेला ठोंब पावसाने आठ दिवसांची उघडीप दिली तरी माना टाकतो. त्यात आणखी एक भर पडते ती खुरांची. ओल्या जमिनीवर खूर पडला म्हणजे माती दबून घट्ट होते. वीट पाडणारा कारागीरही माती ओली करूनच साच्यात दाबतो, हे आपण पाहिलेले आहेच. अशा दबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते वरून वाहून जाते व जाताना गवताचे बी आणि मातीचा सुपीक थर बरोबर नेते. मग पाऊस सरासरीइतका होऊनही माळ कोरडाच राहतो आणि आपण दोष पावसाला देतो.

भारतातील गवताळ प्रदेशांची पाहणी करून दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात दख्खनच्या पठाराचा समावेश ‘सेहिमा-डायकॅन्थियम’ या गटात केलेला आहे. सेहिमा म्हणजे आपला पवना व डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. याचा अर्थ असा की, आज केवळ कुसळे व तरवड दिसणाऱ्या माळाचेही मूळ धन ही दोन गवते होत. चराईचा ताण वाढत गेला म्हणजे प्रथम ही रुचकर गवते हटतात व त्यांची जागा कुसळी घेते. कुसळीचे बी मोठे चमत्कारिक असते. त्याच्या टोकाला लांब केस असतो. तो ओल लागली की उलगडतो व वाळला की पिळतो, आणि त्या पिळाने बी गिरमिटाप्रमाणे जमिनीत शिरते. त्यामुळे कुसळी वणव्यातूनही वाचते. ताण आणखी वाढला की कुसळीही विरळ होते व अरिस्टिडा जातीची बारीक काडीची, एका पावसाळ्यात उगवून वाळून जाणारी गवते येतात. त्यांच्या कुसाला तीन फाटे असतात, ही त्यांची खूण. त्यानंतर तरवड, टाकळा, गाजरगवत आणि शेवटी उघडा मुरूम. ही उतरंड ज्या क्रमाने उतरते, साधारणतः त्याच क्रमाने चढावीही लागते. एका वर्षात मुरुमावर मारवेल आणण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

येथे एक शंका घेतली जाते. शाळेच्या अंगणातील हरळीची हिरवळ मुलांच्या पायांखाली रोज तुडविली जाते, गाढवे तिच्यावर चरतात, तरी ती हटत नाही. मग मारवेलच इतकी नाजूक का? हरळीचे धुमारे जमिनीसरपट धावतात आणि त्यांच्या पेरापेरावर डोळे असतात. ते जनावरांच्या तोंडात सहसा येत नाहीत. पवन्याचा ठोंब उभा वाढतो व त्याचे पुढील वाढीचे डोळे लवकरच वर चढतात. म्हणून अतिचराईत हरळी तग धरते आणि पवना जातो. हरळी असलेला तुकडा अगदीच वाया गेलेला समजू नये, तिने माती धरून ठेवलेली असते. मात्र वैरण म्हणून तिचा भरवसा धरता येत नाही.

एक अयशस्वी प्रयोग

प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या पहिल्या वर्षी एका अवर्षणप्रवण तालुक्यातील गावी वीस एकर गायरान सुधारण्याचे काम हाती घेतले होते. पदवी ताजी होती, उत्साहही होता. ट्रॅक्टरने सारा तुकडा नांगरून घेतला, बी मिळविले, मृगात फेकून दिले आणि फलक लावला. पहिल्या जोराच्या पावसात नांगरलेली माती ओघळीने खाली गेली. उरलेल्या बियांपैकी पुष्कळ मुंग्यांनी वाहून नेले. जे उगवले ते आषाढात चरले गेले. दिवाळीपर्यंत त्या वीस एकरांत टाकळा व गाजरगवत कमरेएवढे वाढले होते आणि पूर्वी तेथे जी थोडी कुसळी होती तीही नांगराखाली गेली होती. फलक तेवढा शिल्लक राहिला.

त्या आषाढात राखणीला म्हणून लेखक गायरानात उभा असताना एक वृद्ध बाई सात शेळ्या घेऊन आल्या. त्यांना हटकले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “सायेब, तुमचं गवत उगवंल तवा उगवंल. तवर माझ्या शेरडांनी काय खावं?” त्यांना जमीन नव्हती, शेतात बांध नव्हता, कडब्याची गंजी नव्हती. या प्रश्नास त्या वेळी लेखकाजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्यांनीच एका बोरीच्या जाळीपाशी नेले, काठीने काट्या बाजूला सारल्या आणि आत वाढलेला हिरवागार ठोंब दाखविला. “ह्ये बघा मारवेल. काट्यात हाय म्हून वाचलंय.” नंतर मोजून पाहिले तेव्हा त्या साठ एकरांच्या गायरानात अशा ऐंशीहून अधिक जाळ्या सापडल्या, आणि त्यांतील बहुतेकांच्या आत मारवेल वा पवना होता. जे बी लेखकाने बाहेरून आणून वाया घालविले, ते गायरानातच काट्यांच्या संरक्षणाखाली दर वर्षी तयार होत होते. त्याला फक्त बाहेर पडून वाढण्याची उसंत मिळत नव्हती.

म्हणून पुढील सर्व विवेचनात बी नंतर येते व विसावा आधी येतो. आणि त्या बाईंच्या प्रश्नाला जी योजना उत्तर देत नाही, ती कागदावर कितीही सुबक असली तरी पहिल्या आषाढातच मोडते, हेही लक्षात ठेवणे जरूर आहे.

दुखणे ओळखण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी गायरानाची परीक्षा करावी. तिला उपकरणे लागत नाहीत. श्रावणअखेर, गवते ओळखू येतात अशा वेळी, गायरानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरळ दोरी धरावी किंवा दूरचे एखादे झाड नजरेत धरून चालावे. प्रत्येक पावलाला वहाणेच्या टोकाखाली काय आले ते वहीत एका खुणेने नोंदवावे: बहुवर्षायु गवताचा ठोंब, एका हंगामाचे गवत, तण, उघडी माती किंवा दगड. शंभर पावले झाली म्हणजे शेकडा प्रमाण आपोआप हाती येते. अशा तीन-चार रेघा वेगवेगळ्या जागी घ्याव्यात. उताराचा माथा व पायथा यांची सरमिसळ करू नये. ओळख पटत नसेल तर गुराख्यास बरोबर घ्यावे. त्याला शास्त्रीय नावे ठाऊक नसतात, पण जनावर कोणते गवत आधी खाते व कोणते टाकते हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

शंभरांत पंधरा किंवा अधिक पावलांना बहुवर्षायु ठोंब लागला, तर बी-बियाण्यावर पैसा खर्च करण्याचे कारण नाही. योग्य विसावा दिला की दोन-तीन पावसाळ्यांत ते गायरान स्वतःच भरून येते. पाच ते पंधरा असेल तर विसाव्याबरोबर उघड्या जागा भराव्या लागतील. पाचांपेक्षाही कमी असेल तरच नव्याने लागवडीचा विचार करावा. हे आकडे म्हणजे शास्त्राचा नियम नव्हे, लेखकाला अनुभवाने उपयोगी पडलेली ढोबळ अटकळ आहे.

दुसरी परीक्षा पाणी मुरण्याची. दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा दोन बोटे जमिनीत दाबून बसवावा, त्यात लिटरभर पाणी ओतावे आणि ते मुरण्यास किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. हाच प्रयोग जवळच्या जुन्या बांधावर किंवा देवाच्या राखीव रानात, जेथे गुरे जात नाहीत अशा ठिकाणी, त्याच दिवशी करावा. दोहोंतील अंतर पाहिल्यावर ग्रामसभेत व्याख्यान देण्याची गरज राहत नाही. शक्य असेल तर सरपंचांच्या हातूनच पाणी ओतवावे.

विसावा किती व कसा द्यावा

संपूर्ण गायरान एकाच वेळी बंद करणे बहुतेक गावांस झेपत नाही, आणि झेपले तरी त्याचा सारा भार शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन कुटुंबांवर पडतो. म्हणून गायरानाचे तीन तुकडे पाडावेत. उदाहरणादाखल साठ एकरांचे गायरान घेऊ, प्रत्येक तुकडा वीस एकरांचा.

पहिला नियम तिन्ही तुकड्यांना सारखाच लागू आहे. मृगाच्या पहिल्या पावसापासून पुष्य नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुमारे २० जुलैपर्यंत, कोणतेही जनावर कोठेही सोडू नये. लेखाच्या आरंभी जे नुकसान सांगितले ते या एका नियमाने टळते. दुसरे काहीच जमले नाही आणि एवढेच जमले, तरी गायरानाची घसरण थांबते.

त्यानंतर तिसरा तुकडा चराईस उघडावा. दुसरा तुकडा उत्तरा नक्षत्रापर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राखून मग उघडावा व त्याच दिवशी तिसरा बंद करावा. पहिला तुकडा बी गळेपर्यंत, म्हणजे साधारणतः कार्तिकअखेरपर्यंत, पूर्ण राखावा व नंतरही त्यात जनावर न सोडता विळ्याने कापून न्यावा. पुढील वर्षी तुकड्यांची पाळी बदलावी, म्हणजे प्रत्येक तुकड्यास तीन वर्षांतून एकदा पुरा विसावा मिळतो. ज्या तुकड्यात पावलांची मोजणी फारच वाईट आली असेल त्याला लागोपाठ दोन वर्षे पहिली पाळी द्यावी.

आता खरी अडचण. पुष्य लागेपर्यंतचे पाच-सहा आठवडे जनावरांनी काय खावे? तीनशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला सुमारे सात किलो कोरडा चारा लागतो. पस्तीस दिवसांचे २४५ किलो, म्हणजे जनावरामागे अडीच क्विंटल. एवढा कडबा अथवा वाळले गवत वैशाखातच वेगळे काढून, गंजीवर झाकण घालून ठेवले पाहिजे. गायरान सुधारते ते गायरानात नव्हे, गंजीवर सुधारते, असे लेखक चेष्टेने म्हणत असतो. पण त्यात चेष्टा थोडीच आहे. ज्या घरी गंजी नाही त्यांच्यासाठी पहिल्या तुकड्यातील कापलेल्या गवताचा काही हिस्सा ग्रामपंचायतीने याच दिवसांकरिता राखून ठेवावा. शेळीला दिवसाला किलोभर कोरडा चारा पुष्कळ होतो. सात शेळ्यांना पस्तीस दिवसांत अडीच क्विंटल, म्हणजे एका गाईइतकेच. त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर इतके लहान होते. पहिल्या वर्षी ते गवत आपल्याजवळ नसते, तेव्हा त्या वर्षापुरती बांधांची चराई व झाडपाल्याची व्यवस्था गावाने ठरवून द्यावी आणि ती ठरल्यावरच बंदी पुकारावी.

गायरान किती जनावरे पोसू शकते याविषयीही गावात स्पष्ट बोलणे बरे. खंगलेल्या गायरानात एकरी दोन-तीन क्विंटलांहून अधिक वाळले गवत मिळत नाही, आणि त्यातील निम्मे तरी जमिनीवर राहिले पाहिजे. गाईला वर्षाला पंचवीस क्विंटल लागते, म्हणजे आज वीस एकरांवर एक गाय! सुधारलेल्या गायरानात एकरी दहा ते पंधरा क्विंटल मिळू शकते. बारा क्विंटल धरून त्यातील निम्मे घेतले तर साठ एकरांतून ३६० क्विंटल. एवढ्यावर वर्षभर चौदा-पंधरा गाई किंवा चार महिने चाळीस-बेचाळीस गाई निघतात. गावात दोनशे जनावरे असतील तर गायरान सुधारूनही सर्वांचे पोट त्यावर भरणार नाही. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर दुसऱ्या वर्षी निराशा पदरी येते आणि कुंपण मोडले जाते.

राखण हा कामाचा कणा आहे. काटेरी तारेचे कुंपण महाग असते व सामायिक जागेवर ते टिकेलच असे नाही. हद्दीला दगडी ताल, घायपाताची ओळ आणि जनावरांच्या संख्येप्रमाणे घरटी वर्गणीतून ठेवलेला एक राखणदार, एवढे पुरे होते. राखणदार शक्यतो गुराख्यांपैकीच असावा. त्याआधी गुरचरण म्हणून नोंद असलेल्या क्षेत्राची हद्द मोजणीने निश्चित करून घ्यावी. हद्दीचा वाद असलेल्या तुकड्यापासून आरंभ करू नये.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. तेथे १९८९ नंतर गावाने कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही स्वीकारली व गवत कापून नेण्यास मोकळीक ठेवली. पाहुणे तेथील चर व बंधारे पाहून येतात व त्यांची छायाचित्रे काढतात. बंदी म्हणजे गवत तोडणे नव्हे, ते जनावराच्या तोंडाऐवजी विळ्याने नेणे, ही तेथील व्यवस्था मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

बी, ठोंब व खत

विसावा देऊनही ज्या जागा उघड्या राहतात त्या भरण्याचा विचार दुसऱ्या वर्षी करावा. मारवेलचे ताजे बी नीट उगवत नाही, त्याला काही महिन्यांची सुप्तावस्था असते. अंजन गवताचीही तीच गोष्ट. म्हणून यंदा कार्तिकात जमविलेले बी पुढील मृगात वापरावे, आणि ते आपल्याच गायरानातील जाळ्यांतून व राखलेल्या तुकड्यातून जमवावे. तेथल्या मातीला व पावसाला ते सरावलेले असते. हे बी हलके व केसाळ असल्याने हातातून नीट पडत नाही व वाऱ्याने उडते. यास्तव शेण, बारीक वाळू व चिकणमाती यांत ते कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळाव्यात व सावलीत वाळवाव्यात. मातीचे प्रमाण सर्वांत अधिक ठेवावे. अशा गोळ्या मुंग्याही सहसा नेत नाहीत. बियाचे प्रमाण एकरी दोन ते अडीच किलो पुरे. ते खोल पुरू नये. नखभर मातीखाली गेले तर ठीक, दोन बोटे गेले तर उगवत नाही.

सबंध जमीन नांगरण्याची चूक पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. उताराला आडवे, समपातळीत, बैलनांगराचे एकेक उथळ तास दोन-दोन मीटरांवर काढावे, मधला पट्टा तसाच ठेवावा व बी तासाच्या कडेला टाकावे. मोठ्या उतारावर सलग समतल चर उपयोगी पडतात. परंतु जेथे ठोंब चांगले आहेत तेथे यंत्राने चर खोदून असलेले गवत मातीखाली गाडू नये. दुर्दैवाने हे पुष्कळ ठिकाणी घडलेले दिसते. चराच्या भरावावर मात्र अवश्य पेरावे. ती माती मोकळी असते व तेथे गवत सर्वांत आधी धरते.

थोड्या क्षेत्रासाठी बियापेक्षा ठोंब लावणे अधिक खात्रीचे. मारवेलचा जुना ठोंब खणून त्याच्या दोन-तीन मुळ्या असलेल्या फुटव्या कराव्यात व आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत लावाव्यात. पन्नास सेंटिमीटर चौरस अंतरावर एकरी सुमारे सोळा हजार फुटव्या लागतात. हे काम मोठे आहे, म्हणून प्रथम दोन-चार गुंठ्यांची रोपवाटिका करावी आणि पुढील वर्षी तिच्यातून पसरवावे.

गवताबरोबर एखादे द्विदल वाढले तर वैरणीचा कस वाढतो. त्यासाठी स्टायलो उत्तम. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा ‘फुले क्रांती’ हा वाण हलक्या जमिनीत चांगला येतो. स्टायलोच्या बियाचे कवच कठीण असते. उकळी फुटलेले पाणी चुलीवरून उतरवून थोडे निवू द्यावे, त्यात बी चार-पाच मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावे व सावलीत सुकवून पेरावे. एकरी तीन-चार किलो बी लागते.

खताविषयी थोडक्यात. उघड्या माळावर युरिया टाकणे म्हणजे टाकळ्याला व गाजरगवताला पोसणे होय. गवताने जमीन झाकल्यावर, पाऊस चांगला असेल अशा वर्षी, एकरी पंधरा-वीस किलो युरिया श्रावणात दिला तर त्याचे चीज होते. स्टायलो असेल तर पेरणीच्या वेळी एकरी एक गोणी सुपर फॉस्फेट द्यावे. परंतु खत देण्याची ऐपत नसलेल्या गावांनी यामुळे काम थांबवू नये. बी गळून गेल्यावर, हिवाळ्यात, धनगरांच्या मेंढ्या पहिल्या तुकड्यात काही रात्री बसविल्या तर लेंडीखत मिळते आणि त्यांच्या खुरांनी गळलेले बी मातीत दाबले जाते. ओल्या जमिनीवर जे खूर घातक असतात तेच कोरड्या जमिनीवर काम करतात. मात्र हा करार आधी करावा व दिवस ठरवून घ्यावेत.

तण, झाडे व वणवा

पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज सर्वत्र आहे. त्याची फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, ते मुळासह उपटावे. हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधूनच हे काम करावे, कारण पुष्कळांच्या त्वचेला त्याने खाज व फोड येतात. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर त्यांना मारू नये, ते आपले काम करीत असतात. तरीही गाजरगवताचा खरा शत्रू म्हणजे दाट गवत, सावलीत व गर्दीत ते हटते. तरवड व घाणेरी मुळासह खणून काढावी. बोरीच्या जाळ्या मात्र सर्व काढू नयेत. त्या का राखाव्यात ते वर आलेच आहे.

झाडे लावण्याचा उत्साह आवरणे ही आता एक वेगळीच गरज झाली आहे. गवताळ माळ म्हणजे ओसाड जागा असे समजून त्यावर रांगेने खड्डे घेतले जातात. विरळ हिवर, बाभूळ व बोर गायरानास उपकारक आहेत, दाट लागवड झाली की खाली गवत राहत नाही. वेडी बाभूळ तर कोणी आग्रह केला तरी आणू नये. तिच्या शेंगा जनावरे खातात आणि शेणातून तिचे बी साऱ्या गायरानात पसरते.

माळ पेटविल्याने गवत चांगले येते ही समजूत सर्वत्र आहे. वणव्यानंतरचा कोंब हिरवा व मोकळा दिसतो हे खरे. पण वरचा पालापाचोळा जळाल्याने पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो, मारवेलचे वरवर पडलेले बी जळते आणि जमिनीत शिरलेले कुसळीचे बी तेवढे सुखरूप राहते. दर वर्षी पेटणारा माळ म्हणूनच कुसळीचा माळ होतो. वाळलेले गवत वेळेवर कापून नेले तर पेटविण्यास काही उरतच नाही.

कापणी

गवत निम्मे फुलोऱ्यात असताना कापले तर त्यात प्रथिने सहा-सात टक्क्यांच्या आसपास असतात. बी गळून काडी झाल्यावर ती तीन टक्क्यांवर येतात. म्हणजे उशिरा कापलेल्या गवताने पोट भरते, पण अंगी लागत नाही. ज्या तुकड्यात बी गळू द्यावयाचे आहे तेथे हा तोटा पत्करावाच लागतो. इतरत्र भाद्रपदाच्या उघडिपीतच विळा चालवावा. कुसळीच्या बाबतीत तर याहून अधिक घाई करावी. कुसे कडक झाली की ती मेंढ्यांच्या लोकरीत, डोळ्यांत व तोंडात शिरून जखमा करतात. विळा जमिनीला टेकवू नये, वीतभर नाही तरी चार बोटे बुंधा राहू द्यावा. पुढील मृगाचा कोंब तेथूनच यावयाचा असतो.

कापणीचे वाटे चिठ्ठ्या टाकून करावेत, आणि ज्यांना शेत नाही त्यांचे वाटे आधी काढावेत. एका गावी हा क्रम उलट ठेवला होता. तेथे राखणदाराला रात्री कंदील घेऊन फिरावे लागे. दुसऱ्या वर्षी क्रम बदलला आणि रात्रीची गस्त बंद झाली.

पावलांची मोजणी दर वर्षी श्रावणअखेर त्याच रेघेवर करावी व त्याच वहीत लिहावी. पहिल्या वर्षी आकडा फारसा हलत नाही, उघड्या मातीची पावले थोडी कमी होतात एवढेच. बहुवर्षायु ठोंबांची संख्या बहुधा तिसऱ्या वर्षी वाढलेली दिसते. दोरीची दोन्ही टोके जेथे होती तेथे एकेक दगड पुरून त्यावर चुना लावून ठेवावा, म्हणजे बदलून आलेल्या नव्या कार्यकर्त्यालाही तीच रेघ सापडते.